पुरीमची मगिल्ला: रात्री ऐकली म्हणजे झालं?

बेने इस्रायली (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) पूर्वी ज्याला ‘होळीचा सण’ म्हणत, त्या पुरीम या ज्यू सणाबद्दल एक समज पक्का बसलाय: रात्री एस्तेरची मगिल्ला (राणी एस्तेरची कथा असलेली, सणाला वाचून दाखवायची गुंडाळी) ऐकली की सुटलो. तसं नाही. सकाळी ती पुन्हा ऐकावीच लागते, उलट दिवसाचं वाचन अधिक महत्त्वाचं. शब्दन्‌शब्द कानावर पडायला हवा. घोळ होतो तो कथेतल्या दुष्ट हामानच्या नावाला: ते बुडवायला खुळखुळे वाजतात, पुढचा शब्द बुडतो. मग हातातल्या छापील प्रतीतून तेवढा शब्द लगेच पुटपुटायचा आणि वाचणाऱ्याला गाठायचं. ‘अल हनिसीम’ या सणाच्या जोडप्रार्थनेला मात्र सवलत आहे. आमिदा या रोजच्या मुख्य प्रार्थनेतल्या आभाराच्या आशीर्वादात ती म्हणायची राहिली, तरी आमिदा पुन्हा म्हणावी लागत नाही. आणि हल्लेल, ही सणांना म्हणायची स्तोत्रमाला? पुरीमला नसतेच; तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या एका मतानुसार मगिल्ला हीच त्या दिवसाची हल्लेल.