शिरा आधी, कॅन्सर नंतर

इंदूरला रामबागेतल्या ओळखीच्या एका काकांना दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेचा अगदी सुरुवातीचा कॅन्सर निघाला. लिव्हर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर वणांनी भरून कडक होण्याचा आजार, आधीपासूनच होता. घरच्यांचा एकच धोशा: एवढीशी जागा आहे, तर ऑपरेशन करून काढून का टाकत नाहीत?

छातीतली अन्ननलिका काढण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी १९१३ साली केलं. पेशंट ६७ वर्षांच्या बाई. उरलेली टोकं जोडणं शक्य नव्हतं, म्हणून शरीराबाहेरून रबरी नळी लावून घास पोटात पोचवायचा. त्या तशा दहा वर्षांहून अधिक जगल्या! आज तंत्र कुठल्या कुठे गेलंय, तरी हे ऑपरेशन मोठंच. सिरॉसिसमध्ये रक्त नीट गोठत नाही, जखम भरायला वेळ लागतो, पोटात पाणी होतं, आणि आधीच थकलेलं लिव्हर हात टेकतं.

दोन्ही आजार एकाच माणसात भेटतात, कारण दारू दोघांच्याही मुळाशी असू शकते. सोबत तंबाखू असेल तर कॅन्सरचा धोका आणखी वाढतो. आमच्याकडे 'अब छोड़ दी' म्हणून मोकळे होतात. अन्ननलिकेचं अस्तर इतक्या लवकर विसरत नाही.

सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेच्या अस्तराखालच्या शिरा फुगतात आणि फुटून रक्त वाहू शकतं. गंमत अशी, की अशा शिरांवर दुर्बिणीतून उपचार बरेच आधी सुरू झाले. स्वीडनमध्ये क्रॅफोर्ड आणि फ्रेंकनर या डॉक्टरांनी १९३९ साली फुगलेल्या शिरेत औषध टोचून रक्तस्राव थांबवला. १९८०च्या दशकात शिरांना रबर बँड बांधू लागले. कॅन्सरचं काम जपानी डॉक्टरांनी पुढे नेलं: आयोडीन फवारायचं, निरोगी अस्तर तपकिरी होतं, रोगट जागा फिकी राहते; मग तिच्याखाली द्रव टोचून ती उचलायची आणि विजेच्या सुरीने सोलून काढायची. आजार वरच्या थरातच असेल तर आसपासच्या लसिका गाठींमध्ये पसरण्याची शक्यता कमी, म्हणून एवढं पुरतं.

पण द्रव टोचायचा तिथेच सिरॉसिसच्या फुगलेल्या शिरा असू शकतात. म्हणून आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. त्यातही मेख आहे: बँडचा वण राहिला की तो थर नीट उचलला जात नाही.

काकांच्या फायलीवर 'चाइल्ड ए' असा शेरा आहे, म्हणजे लिव्हर अजून बऱ्यापैकी तग धरून आहे. लिव्हरची ताकद मोजणारी, आज वापरात असलेली ही 'चाइल्ड-प्यू' मोजपट्टी डॉक्टर प्यू यांनी १९७३ मध्ये सुधारली, तीसुद्धा शिरांमधून रक्त वाहणाऱ्या पेशंटांच्या ऑपरेशनसाठी.