वेटसूटमधली ऊब कुठून येते?

थंड पाण्यातील खेळांसाठी वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा फेसाळ रबराचा पोशाख, घ्यायला निघालेल्या माणसाला हमखास एक स्पष्टीकरण ऐकायला मिळते: अंग आणि सूट यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, शरीराच्या उष्णतेने तो तापतो आणि तोच थर ऊब देतो. हे अगदीच चूक नाही, पण मुख्य मुद्दा त्यातून निसटतो आणि सूटची निवड बहुधा तिथेच फसते. वेटसूट ज्या विचारातून जन्मला, तो पाण्याविषयीचा नव्हता, वायूविषयीचा होता.

पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाण्याखाली काम करणाऱ्या सैनिकांसाठी यावर जो उपाय होता, तो पाणी बाहेरच ठेवण्याचा: वर जलाभेद्य रबरी पोशाख आणि आत लोकरीचे कपडे. त्यातला धोका असा की पोशाख एका जागी जरी फाटला, तरी लोकर भिजे आणि सगळे संरक्षण एकदम जाई.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१ मध्ये या अडचणीकडे उलट बाजूने पाहिले. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेले हे संशोधक तेव्हा अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांच्या पोशाखाचा विचार करत होते. उष्णता रोखण्याचे काम कापडातच कोंडलेला वायू करणार असेल, तर अंग कोरडे राहण्याची गरजच उरत नाही, हे त्यांनी त्या वर्षी जूनमध्ये एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात मांडले. त्यासाठी फेसाळ निओप्रीन वापरावे, ही सूचना अभियंता विलार्ड बॅस्कम यांची. निओप्रीन मुळात पोहणाऱ्यांसाठी बनलेले नव्हते; ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने १९३० मध्ये शोधलेले ते कृत्रिम रबर तेलाने खराब होत नसे, म्हणून उद्योगांना हवे होते. त्याचा फेस केला की आत वायूचे असंख्य बंद बुडबुडे राहतात आणि वेटसूटची ऊब ती हीच. ब्रॅडनर यांना या शोधाचे पेटंट कधी मिळाले नाही, आणि त्यामुळे त्यांचे नाव बराच काळ मागे राहिले, याची खंत वाटते.

सूटच्या जाडीचे आकडे या बुडबुड्यांच्या संदर्भातच वाचायला हवेत. ४/३ असे लिहिलेले असते, तेव्हा धडावर ४ मिलिमीटर आणि हातापायांवर ३ मिलिमीटर जाडी असते, कारण धड उबदार राहणे अत्यावश्यक असते आणि हातापायांना हालचालीची मोकळीक हवी असते. मात्र १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आकाराने जवळजवळ निम्मे होतात आणि सूट पातळ पडतो. म्हणूनच पाण्याच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या सर्फरला जो सूट पुरतो, तो त्याच तापमानात खोल जाणाऱ्या पाणबुड्याला पुरत नाही.

सर्फिंगमध्ये हा पोशाख रुजवण्याचे श्रेय दोन ठिकाणी वाटले जाते: सॅन फ्रान्सिस्कोत १९५२ मध्ये दुकान उघडणारे जॅक ओ'नील, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील रेडोन्डो बीच येथे दुकान चालवणारे बॉब व बिल मेस्ट्रेल हे जुळे भाऊ. त्याआधी सर्फर लोकरीचे स्वेटर घालून लाटांवर जात. सुरुवातीचे सूट बिनअस्तराचे असत, त्यामुळे ते अंगावर चढवायला टाल्कम पावडर लागे आणि जरा ओढले की फाटत. नायलॉनचे अस्तर आल्यावर ते टिकाऊ झाले, पण शिवणीच्या प्रत्येक छिद्रातून थंड पाणी आत येतच राहिले. पुढे तुकडे आधी चिकटवून, सुई रबराच्या आरपार न नेता शिवण्याची पद्धत आली, आणि माझ्या मते थंड पाण्यासाठी जाडीखालोखाल पाहण्याची गोष्ट हीच शिवण आहे. सूट ढिला असेल, तर कमरेच्या खोलगट भागात आणि काखेत पाणी साचते, प्रत्येक हालचालीबरोबर बदलते आणि दर वेळी अंगातली उष्णता घेऊन जाते. अशा वेळी जाडी वाढवूनही फारसा लाभ होत नाही.

डॅन एम्पफिल्ड यांनी १९८७ मध्ये खास ट्रायथलॉनसाठी, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीसाठी, सूट आणला, तेव्हा याच बुडबुड्यांचा दुसरा गुण पुढे आला: ते माणसाला तरंगतेही ठेवतात आणि त्यामुळे पोहण्याचा वेग वाढतो. म्हणूनच ट्रायथलॉनच्या नियमांत जाडीवर ५ मिलिमीटरची मर्यादा आहे. या सूटचा गुळगुळीत, बिनअस्तराचा पृष्ठभाग पाण्यातून सहज सरकतो, पण खडकावर किंवा सर्फबोर्डवर घासला तर लवकर चिरतो.

अलीकडे प्रश्न खुद्द रबराचाच आहे. निओप्रीन ज्यापासून बनते, त्या क्लोरोप्रीनमुळे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता आहे, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० मध्ये नोंदवले. हा धोका सूट घालणाऱ्यापेक्षा कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना अधिक आहे. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीने २०१६ मध्ये मुख्यतः झाडांच्या चिकापासून मिळणाऱ्या नैसर्गिक रबराचे सूट बाजारात आणले. निओप्रीन वगळूनही हे सूट ऊब देऊ शकतात, कारण त्या रबराचाही फेस करता येतो आणि त्यातही वायू तसाच कोंडून राहतो.