‘चित्ती असो द्यावे समाधान’मागचा दुष्काळ

‘ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान’ ही ओळ कॅलेंडरवर, दुकानाच्या गल्ल्यामागे, दवाखान्याच्या भिंतीवर कुठेही दिसते. एवढी ओळ वाचून वाटावे की लिहिणाऱ्याचे बरे चालले असणार. प्रत्यक्षात लिहिणारा दिवाळे निघालेला वाणी होता.

तुकोबांचे घर देहूतले खाऊनपिऊन सुखी. महाजनकी, शेती, सावकारी, घरात पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी. विशीच्या आतच आईवडील गेले. थोरल्या भावाची, सावजीची, बायको वारली आणि तो विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेला. दुकान, जमीनजुमला, धाकटा कान्होबा, सगळा भार तुकोबांवर आला. अशात 1630 साली पाऊस दडी मारून बसला.

1630 ते 1632 चा हा दुष्काळ दख्खन आणि गुजरात दोन्हींकडे पडला. शहाजहानची फौज निजामशाहीवर चालून आलेली, म्हणजे जे धान्य होते त्यालाही वाटेकरी. भाकरीच्या बदल्यात माणूस स्वतःला विकायला निघाला तरी घेणारा नव्हता, असे दरबारी बखरकार अब्दुल हमीद लाहोरीनेच लिहून ठेवले आहे. बादशहाचा नोकर असे लिहितो, तेव्हा परिस्थिती त्याहून बरी असण्याची शक्यता नाही. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवला. देहू तिथून जेमतेम दिवसभराच्या चालीवर.

तुकोबांच्या घरात काय झाले ते त्यांनीच एका आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. ही थोरली बायको रखमाबाई, मूळची दमेकरी. मुलगा संतूही गेला. यात दुःखाइतकीच लाजही आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. धंद्यात तूट आली, जिवाला लाज वाटू लागली, असे ते स्पष्ट म्हणतात. पत गेलेल्या वाण्याला गावात तोंड दाखवणे किती जड जाते, हे त्यांनी भोगले होते.

पुढची हकिकत मला सगळ्यात मोलाची वाटते. साक्षात्कार वगैरे नंतर. आधी त्यांनी हाती घेतले ते पडक्या देवळाच्या दुरुस्तीचे काम, कारण ते ‘चित्तासी आलें’. मग एकादशीला कीर्तन. त्यात सुरुवातीला मन लागत नव्हते, हेही प्रांजळपणे सांगतात. संतांची काही वचने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. भामचंद्र आणि भंडारा डोंगरावरचा एकांत आपल्याला ठाऊक असतो, पण या अभंगात श्रद्धा उभी राहते ती अशा अंगमेहनतीतून आणि पाठांतरातून. कुळांची खतपत्रे, म्हणजे कर्जाचे कागद, कान्होबाशी वाटून घेऊन आपल्या हिश्शाची त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही कथा संतचरित्रकार महिपतींच्या चरित्रातून घरोघरी पोचली.

एवढे झाले म्हणून सुख लागले असे नाही. शूद्राने अभंग रचावेत यावर आक्षेप आला. ‘निषेधाचा कांहीं पडिला आघात । तेणें मध्यें चित्त दुखविलें’. या वेळी इंद्रायणीत गेल्या त्या कवितेच्या वह्या. आणि तुकोबा देवाच्या दारात धरणे धरून बसले. अडलेली रक्कम वसूल करायला सावकाराने कुळाच्या दारात अन्नपाणी सोडून बसायचे, ही त्या काळची रीत. वाण्याच्या पोराला ती शिकवावी लागली नसणार. परंपरा म्हणते, तेरा दिवस. ‘बुडविल्या वह्या बैसलों धरणें । केलें नारायणें समाधान’. कॅलेंडरवरच्या ओळीतला शब्द इथे येतो तो असा, भांडून मिळवलेला.