‘जपानी चाल’ आली कुठून?

तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश. असे निदान पाच फेरे, आठवड्यातून चार दिवस. ‘जपानी चाल’ म्हणून हल्ली मोबाइलवर फिरणारा हा व्यायाम नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरातला. तो करून पाहण्याआधी तिथली जुनी हकिगत माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं.

नागानो डोंगराळ, समुद्र लांब, हिवाळा कडाक्याचा. बर्फाच्या दिवसांत खायला पालेभाजी मिठात मुरवून ठेवायची, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) खारट सार रोजचंच, आणि चहाबरोबरही लोणचं. त्यात घरं गारठलेली. १९६०च्या दशकात पक्षाघातानं दगावणाऱ्यांचं प्रमाण इथं फार मोठं होतं.

नागानोतल्याच साकू इथल्या रुग्णालयात १९४५ साली तोशिकाझू वाकात्सुकी नावाचे डॉक्टर आले. रुग्णाची वाट पाहत न बसता ते गावोगाव जात. तपासणी झाली की रुग्णालयातली मंडळी नाटक करून आरोग्याच्या गोष्टी सांगत. १९५९पासून याचिहो गावात सगळ्या गावाची दरवर्षी तपासणी सुरू झाली. १९७६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या जामखेडच्या आरोळे दांपत्याला तो मिळाला १९७९ साली, गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका करण्याच्या अशाच कामासाठी.

नागानोतही खरा भार बायकांनीच उचलला. गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं, साधारण दोन वर्षं आरोग्य-स्वयंसेविका होत. हातात मीठ मोजायचा क्षारमापक घेऊन शेजारणीच्या स्वयंपाकघरात जायचं, साराच्या वाटीत तो बुडवायचा आणि आकडा तिलाच वाचायला लावायचा. ‘सार बंद करा’ असं कुणी म्हणत नसे. सारात भाज्या भरपूर घाला म्हणजे पाणी नि मिसो आपोआप कमी लागेल, शेवयांचं खारट पाणी न पिता वाडग्यातच राहू द्या, एवढंच सांगणं. घरातली एक तरी खोली उबदार ठेवा, हेही. १९८०च्या सुमारास प्रांतभर मीठ कमी करण्याची मोहीम झाली. १९९० साली आयुर्मानात नागानोचे पुरुष देशात पहिले आले. २०१०मध्ये पुरुष आणि स्त्रिया, दोघंही.

चालण्याचा प्रयोग मिठाच्या मोहिमेनंतरचा. मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठाचे हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठांना आधी रोज १० हजार पावलं चालायला सांगितलं. पायांत जोर काही येईना. सलग भरभर चालायचं म्हटलं तर लोक कंटाळून सोडून देत. म्हणून मध्ये दम खायला तीन मिनिटं ठेवली. पाच महिन्यांत मांड्यांची ताकद वाढली, रक्तदाब उतरला. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्या अभ्यासात २४६ जण होते, पैकी १८६ बायका. सरासरी वय ६३. मिठाची मोहीम चालू होती तेव्हा या पिढीच्या बायका चाळिशीच्या आसपास, ऐन संसारात होत्या.