कोकोपीट की कोको चिप्स? कासवाच्या टबमध्ये काय पसरायचं

दोन्ही नारळाच्या सोडणातून निघतात, दोन्ही तपकिरी, आणि पुष्कळ पाकिटांवर नुसतं 'कोको' एवढंच छापलेलं असतं. रोपांच्या कुंडीत एकाऐवजी दुसरं गेलं तर फारसं बिघडत नाही. जमिनीवरच्या कासवाच्या टबमध्ये मात्र बिघडतं.

(पुढचं सगळं आफ्रिकेतल्या सुलकाटाबद्दल आणि दक्षिण अमेरिकेतल्या रेडफूटबद्दल. आपलं स्टार कासव घरी पाळणं गुन्हा आहे. ते कुणी 'देतो' म्हणालं तरी घेऊ नका. या परदेशी कासवांचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.)

काथ्याचे धागे काढून घेतल्यावर खाली उरतो तो भुसा म्हणजे कोकोपीट. त्याची साडेसहाशे ग्रॅमची वीट पाण्यात टाकली की फुगून बादलीभर होते. चिप्स म्हणजे तेच सोडण धाग्यांसकट कापलेलं. भुसा सगळीकडून सारखा भिजतो, आणि पूर्ण वाळला की त्याची धूळ होऊन कासवाच्या डोळ्यांत जाते. चिप्स पाणी पोटात धरून ठेवतात, जादाचं फटींतून तळाशी जातं आणि वरचा थर लवकर कोरडा होतो.

सुलकाटा सहाराच्या कडेचा, म्हणून त्याला खडखडीत कोरडं ठेवायचं, असं अजूनही सांगितलं जातं. पण तिथे तो उन्हाचा वेळ बिळात काढतो, आणि बीळ दमट असतं. वीझनर आणि इबेन यांनी 2003 साली सुलकाटाच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात त्यात जास्त प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा हात मोठा, असं त्यात दिसलं. त्यामुळे वाळू आणि वर्तमानपत्र माझ्या लेखी बादच.

पिल्लू उकरणार, बसायला खळगा करणार. चिप्समध्ये तो खळगा ढासळतो, म्हणून सुलकाटाला कोकोपीटच. नुसतं नको, त्यात खत-औषध न पडलेली बागेतली माती मिसळा आणि निदान चार इंच थर द्या. मूठभर घेऊन दाबलं की लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. पुढे पाणी कोपऱ्यांतून ओतायचं, म्हणजे तळ ओला राहतो आणि वर कोरडं.

रेडफूट बिळं करत नाही, पालापाचोळ्यात शिरून बसतो. त्याला हवा दमट लागते, पण सतत चिखलात बसला तर पोटाकडचं कवच सडायला लागतं. तिथे चिप्स सरस. मात्र तुकडे तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे घ्या.

स्वस्त मालात मीठ राहिलेलं असतं, तेव्हा कोकोपीट काय नि चिप्स काय, दोन-तीन पाण्यांतून काढूनच वापरा. बागकामाच्या मालात कधी आधीच खत मिसळलेलं असतं. तसलं पाकीट परत करा. खाणं शहाबादी फरशीच्या तुकड्यावर द्या, म्हणजे पाल्याबरोबर भुसा पोटात जात नाही आणि नखंही घासली जातात.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की कोकोपीटला बुरशी धरते. त्या महिन्यांत पाणी ओतणं थांबवा, थर दोन दिवसांआड खालीवर करा, आणि टबला झाकण असेल तर ते काढून ठेवा.