पलटण पाचवी, पण कोणती? जुन्या फोटोतल्या मराठा शिपायाची रेजिमेंट ओळखण्यामागची पार्श्वभूमी

पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि कडांना तपकिरी पडलेला एक फोटो माझ्या पाहण्यात आला. खुर्चीशेजारी ताठ उभा असलेला शिपाई, डोक्यावर पागोटे, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या, आणि फोटोच्या पाठीवर शाईने लिहिलेले तीन शब्द: 'पलटण पाचवी, मराठा'. घरच्यांनी या शब्दांवरून पणजोबांना 'फिफ्थ मराठा'त नेऊन बसवले होते आणि त्या रेजिमेंटने दुसऱ्या महायुद्धात इटलीत गाजवलेला पराक्रम त्यांच्या खात्यावर जमा केला होता. फोटोतला गणवेश मात्र पहिल्या महायुद्धाच्या काळातला आहे. ही चूक घरच्यांची म्हणता येणार नाही, कारण 'पाचवी' या एका शब्दामागे लष्कराच्या दोन मोठ्या फेररचना दडलेल्या आहेत आणि त्या समजून घेतल्याशिवाय असा कोणताही फोटो नीट वाचता येत नाही.

मुंबई, मद्रास आणि बंगाल या तीन इलाख्यांची सैन्ये १८९५ पर्यंत वेगवेगळी होती. त्यामुळे पाचवी पलटण मुंबईतही होती, मद्रासलाही होती आणि बंगालमध्येही. सैन्ये एक झाल्यावर ही सरमिसळ चालण्यासारखी नव्हती, म्हणून १९०३ मध्ये सर्व पलटणींना नवे अनुक्रमांक देण्यात आले. मद्रासच्या क्रमांकात साठ मिळवले गेले आणि मुंबईच्या क्रमांकात शंभर. मुंबईची तिसरी पलटण १०३ झाली, पाचवी १०५, दहावी ११०, आणि चौदावी, सोळावी व सतरावी अनुक्रमे ११४, ११६ व ११७ झाल्या. माझ्या मते ही व्यवस्था शहाणपणाची होती, कारण तीत जुना क्रमांक पुसला गेला नाही. १०५ मध्ये पाचवी दिसत राहिली आणि गावाकडे शिपाई तिला पाचवीच म्हणत राहिले.

खरा गुंता १९२२ मध्ये झाला. पहिल्या महायुद्धानंतर सुट्या पलटणी एकत्र करून मोठ्या रेजिमेंट बनवण्याचे ठरले, आणि या सहा मराठा पलटणी एकाच रेजिमेंटमध्ये आल्या. त्या रेजिमेंटला क्रमांक मिळाला पाच. हा पाच मुंबईच्या जुन्या पाचवीवरून आलेला नव्हता. नव्या यादीत पंजाबच्या दोन रेजिमेंट, मद्रासची एक आणि मुंबई ग्रेनेडियर्स यांच्यानंतर मराठ्यांचा नंबर लागला, एवढेच त्यामागचे कारण. रेजिमेंटच्या आत पुन्हा क्रम लावला गेला तेव्हा १०३ पहिली बटालियन झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी आणि ११७ पाचवी, तर ११४ दहावी म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन झाली. जी पलटण 'काळी पाचवी' म्हणून ओळखली जात होती आणि जिला बलुचिस्तानातल्या काहूनच्या वेढ्यातल्या कामगिरीबद्दल १८४१ मध्ये लाइट इन्फंट्री (चपळ पायदळ) हा किताब मिळाला होता, ती कागदावर पाचव्या रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. ज्या पलटणीचा पाचाशी पूर्वी काहीच संबंध नव्हता, ती ११७ मात्र पाचवीची पाचवी ठरली.

म्हणजे घरात 'पाचवी' असा उल्लेख असेल तर त्याचे चार अर्थ संभवतात. १९०३ पूर्वीची मुंबईची पाचवी, १९०३ ते १९२२ मधली १०५, १९२२ नंतरची संपूर्ण पाचवी मराठा रेजिमेंट, किंवा त्या रेजिमेंटची पाचवी बटालियन. 'पलटण' हा शब्द हा घोळ आणखी वाढवतो, कारण बोलण्यात तो बटालियनलाही लागतो, रेजिमेंटलाही लागतो, आणि 'आजोबा पलटणीत होते' या वाक्यात तर त्याचा अर्थ नुसता 'लष्करात' एवढाच असतो. १९२२ च्या निर्णयाला प्रशासनाच्या दृष्टीने सबळ कारणे होती, कारण युद्धात घटलेल्या पलटणींना भरतीचे शिपाई पुरवण्याची व्यवस्था तुटपुंजी ठरली होती. तरीही जुने क्रमांक निदान कंसात तरी राहू द्यायला हवे होते असे मला वाटते. ज्या घरांत तीन पिढ्या एकाच पलटणीत गेल्या, तिथे या फेररचनेने आजोबा, मुलगा आणि नातू यांना कागदावर तीन वेगवेगळ्या पलटणींत विभागले. दुसऱ्या महायुद्धानंतर रेजिमेंटचा पाच हा आकडाही काढून टाकण्यात आला.

म्हणून पाठीवरच्या अक्षरांआधी खांदा पाहावा. खांद्यावरच्या पितळी अक्षरांत तीन आकडी क्रमांक असेल, तर शिपाई १९०३ ते १९२२ या काळातला. फोटो चांगल्या क्षमतेने स्कॅन करून फक्त खांद्याचा भाग मोठा केला की पितळेवर पडलेल्या उजेडात आकड्यांच्या कडा दिसू लागतात. वर सांगितलेल्या फोटोत पहिला आकडा स्पष्ट एक आहे, मधला गोल आहे आणि तिसऱ्याचा फक्त खालचा बाक दिसतो. तो तीनही असू शकतो आणि पाचही.

रंगावरून अंदाज बांधणे धोक्याचे आहे. त्या काळी फोटो ज्या काचांवर घेतले जात त्यांवरचा रासायनिक लेप तांबड्या उजेडाला जवळजवळ आंधळा होता, त्यामुळे लाल डगला फोटोत काळसर येई आणि निळा कपडा फिकट दिसे. लाल डगला आणि काळी कॉलर यांतला फरक अशा फोटोत नाहीसाच होतो. पदके डाव्या छातीवर आहेत ना, हेही आधी तपासावे, कारण प्रत काढताना उलटे झालेले फोटो पुष्कळ फिरत असतात.

दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोंत दंडावरचे चिन्ह फसवते. लाल गरुड हे चौथ्या हिंदी डिव्हिजनचे चिन्ह होते. काळी पाचवी जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला शत्रूच्या हाती पडली तेव्हा ती या डिव्हिजनच्या एका ब्रिगेडमध्ये होती, पण गरुड लावणारे इतर रेजिमेंटचे शिपाईही हजारो होते. बिल्ल्यावर मुकुट असेल तर फोटो १९५० पूर्वीचा, आणि अशोकस्तंभाचे सिंह असतील तर त्यानंतरचा. 'जमादार' असा हुद्दा लिहिलेला असेल तर लेखन बहुधा १९६५ पूर्वीचे, कारण त्या वर्षी या हुद्द्याचे नाव नायब सुभेदार झाले.

'मराठा' हा शब्दही सरळ नाही. या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या, आणि उलट अनेक मराठे खडकीच्या सॅपर्समध्ये (लष्करी अभियंत्यांच्या दलात) किंवा रस्ते-पूल बांधणाऱ्या पायोनियर पलटणींत होते. महार शिपायांच्या बाबतीत तर इतिहासाने घोर अन्याय केला आहे. मुंबईच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या या समाजाची भरती १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद करण्यात आली. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली ती १९२१ मध्ये मोडली गेली, आणि आजची महार रेजिमेंट १९४१ ची आहे. त्यामुळे अशा घरातला १९०० च्या आसपासचा गणवेशातला फोटो बहुधा भरतीबंदीपूर्वी दाखल झालेल्या शिपायाचा असतो, आणि त्याचा शोध जुन्या मुंबई पलटणींतच घ्यावा लागतो.

पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. २९ एप्रिल १९१६ रोजी आजच्या इराकमधले कूट-अल-अमारा पडले तेव्हा १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी तिथे कैद झाल्या. त्या पुन्हा उभ्या करण्यात आल्या, आणि युद्धभर शिपाई एका पलटणीतून दुसरीत पाठवले जात होते. भरतीच्या वेळी काढलेल्या फोटोतला क्रमांक आणि पुढच्या कागदांतला क्रमांक जुळला नाही, तर दोन्ही खरे असू शकतात. साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या गावांतल्या युद्धस्मारकाच्या पाट्यांचा इथे उपयोग होत नाही, कारण त्यांवर बहुधा किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत एवढेच कोरलेले असते.

अशा वेळी पेटीच्या तळाशी पदक आहे का ते पाहावे. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चांदीचे पदक घासून लखलखीत करण्याचा मोह टाळावा, कारण घासण्याने सर्वांत आधी ही कडेवरची अक्षरेच झिजतात. वरच्या फोटोतल्या शिपायाचे पदक त्याच्या नातसुनेने देवघरात जपून ठेवले होते. ते उजेडात तिरके धरल्यावर कडेवर १०५ हा आकडा वाचता आला.