क्लोज्ड-बॅक आणि नॉइज कॅन्सलिंग: आवाज कोणत्या बाजूने अडवायचा आहे?

घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्याला ‘क्लोज्ड-बॅक (मागून बंद कपांचा) हेडफोन घ्या’ असे सुचवले, की बरेचदा तो प्रवासातला आपला नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पुढे करतो आणि ‘हा तर त्याहून भारी आहे’ असे सांगतो. हा गैरसमज इतक्या वेळा कानावर येतो की त्याचा एकदा नीट समाचार घ्यायला हवा.

नॉइज कॅन्सलिंग कसे चालते हे बहुतेकांना ठाऊक असते. हेडफोनवरचे छोटे माइक बाहेरचा आवाज टिपतात, आतले सर्किट त्याच्या उलट फेजची (एकीचा उंचवटा तिथे दुसरीचा खळगा अशी) लहर तयार करते आणि दोन्ही लहरी एकमेकींना रद्द करतात. १०० हर्ट्‌झच्या घरघरीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असल्यामुळे वेळेचा किंचित फरक तिथे खपून जातो. ५,००० हर्ट्‌झला तीच लांबी जेमतेम ७ सेंटिमीटर उरते आणि जुळणी फसते. म्हणून खालच्या पट्टीतली घरघर सर्किट घालवते, तर वरच्या पट्टीतले आवाज अडवण्याचे काम शेवटी कप आणि पॅड यांनाच करावे लागते. क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये सर्किट नसते. ड्रायव्हरची, म्हणजे आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरची, मागची बाजू बंद कपात असते आणि पॅड कानाभोवती घट्ट बसतो, एवढेच. बहुतेक नॉइज कॅन्सलिंग हेडफोनचे कपही बंदच असतात, त्यामुळे दोन्ही एकाच माळेचे मणी वाटतात.

खरी गोम दिशेची आहे. नॉइज कॅन्सलिंगचा सगळा खटाटोप बाहेरचा आवाज कानापर्यंत येऊ नये यासाठी असतो. रेकॉर्डिंगमध्ये मुख्य अडचण नेमकी उलटी असते: हेडफोनमधला आवाज बाहेर पडून समोरच्या माइकमध्ये शिरता कामा नये. गायक कंडेन्सर माइकपासून (बारीक आवाजही टिपणाऱ्या संवेदनशील माइकपासून) वीतभर अंतरावर उभा असतो आणि त्याच्या कानात क्लिक ट्रॅक, म्हणजे लय धरून ठेवणारे ठोके, टिकटिकत असतो. ही टिकटिक वरच्या पट्टीतली आणि टोकदार असल्याने पॅडच्या बारीकशा फटीतूनही सहज निसटते. गाणे भरात असताना ती कुणाला जाणवत नाही. पण ओळीचा शेवटचा स्वर विरत जातो तिथे ती उघडी पडते, आणि मिक्सिंगमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवताना) कंप्रेसर लावून हळू आवाज वर उचलला की प्रत्येक ठोका मोजता येतो. एकदा टेकमध्ये (एका वेळच्या रेकॉर्डिंगमध्ये) मिसळलेली क्लिक स्वराला धक्का न लावता काढणे फार जिकिरीचे असते. कॅन्सलिंगचे बटण चालू असो वा बंद, या गळतीवर त्याचा थेट परिणाम शून्य. फार तर खोलीतली घरघर कमी ऐकू आल्यामुळे गायक व्हॉल्यूम थोडा कमी ठेवेल, एवढाच आडवळणाचा फायदा.

त्याच घरघरीतून एक तोटाही उद्भवतो, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. पंखा सुरू राहिला आहे हे नॉइज कॅन्सलिंग तुमच्या कानापासून लपवते, माइकपासून नाही. गाणाऱ्याला खोली शांत वाटते आणि प्रत्येक टेकमध्ये पंखा नोंदला जातो.

बिनतारी वापराबद्दल दोनच वाक्ये पुरेत. ब्लूटूथवरून आवाज पोहोचायला सहसा १०० मिलिसेकंदांहून अधिक उशीर लागतो, आणि स्वतःचा आवाज इतका मागे पडून ऐकू आला तर भलाभला गायकही लयीतून सुटतो. वायर हवीच.

खोक्यावरच्या आकड्यांबाबतही दिशेचाच घोळ होतो. सेनहायझर एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत कमी करतो, असे कंपनी सांगते. हा आकडा आत येणाऱ्या आवाजाचा आहे. चांगले सील दोन्ही दिशांना उपयोगी पडते हे खरे, पण गळतीचे माप म्हणून तो वाचू नये. तरीही क्लिकवर गाण्यासाठी हा हेडफोन मला पसंत आहे, कारण त्याची पकड घट्ट आहे. तासन्‌तास बसायचे असेल तर बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोचे मखमली पॅड अधिक सुखाचे; त्याच्या ३२, ८० आणि २५० ओहमच्या (विद्युत अवरोधाच्या) आवृत्त्यांपैकी साध्या ऑडिओ इंटरफेसवर (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर) ८० ओहमची बिनघोर चालते. त्याचा वरचा पट्टा मात्र तिखट आहे, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर मिक्स करू नये. मिक्सिंगला माझे मत ओपन-बॅककडे (मागून उघड्या कपांच्या हेडफोनकडे) किंवा स्पीकरकडेच झुकते. तिथे माइक सुरू नसतो, त्यामुळे गळतीचा प्रश्नच मिटतो. आणि खोक्यावर ‘स्टुडिओ’ हा शब्द छापलेला असणे हा कशाचाही पुरावा नाही.

खरेदीपूर्वी किंवा परत करण्याच्या मुदतीत एक चाचणी जरूर करावी. हेडफोन डोक्यावर चढवून, गाताना ठेवाल त्याच व्हॉल्यूमवर क्लिक लावावी, माइक नेहमीच्या अंतरावर आणि नेहमीच्या गेनवर (माइकचा आवाज वाढवण्याच्या पातळीवर) ठेवावा, आणि अर्धा मिनिट गप्प उभे राहून रेकॉर्ड करावे. नंतर तो तुकडा २० डेसिबलने वाढवून ऐकला की हेडफोनची कुंडली समोर येते. चष्मा वापरत असाल तर चाचणी चष्म्यासकट करावी, कारण काडीमुळे पॅड कानामागे उचलला जातो, गळती वाढते आणि बेसही पातळ होतो. एक कान उघडा ठेवून गाण्याची सवय असेल, तर त्या बाजूचा आवाज इंटरफेसच्या मिक्सरमधून बंद करावा. मोकळा लटकणारा कप हा माइकसमोर धरलेला स्पीकरच असतो. जुन्या हेडफोनची गळती अचानक वाढली असेल, तर नवा घेण्याआधी पॅड तपासावेत: फोम बसला किंवा कातडे तडकले की सील जाते, आणि वर सांगितलेल्या दोन्ही हेडफोनचे पॅड सुटे मिळतात.